सांगावा कुणाच्या दारात द्यायचा? सायटोकाइन, कॅन्सर आणि मामांची बीसीजी

कृष्णाकाठची (सांगली) · रविवार, रात्री ९.४०

गेल्या महिन्यात मामांना घेऊन मिरजेला गेले होते. मामा तासगावकडचे, द्राक्षबागायतदार, वय ६४. लघवीतून रक्त आलं, दुर्बिणीतून तपासलं, मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात गाठ निघाली. ती खरवडून काढली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे बीसीजी सोडायची. नळीतून औषध मूत्राशयात सोडतात, नळी काढून घेतात आणि पेशंटनं दोन तास लघवी धरून ठेवायची. मामा खाटेवर या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. मध्येच सदऱ्याची बाही वर सारून डाव्या दंडावरचा जुना वण दाखवला. म्हणाले, "ही तीच लस न्हवं गं? टीबीची?"

तीच. फक्त मात्रा कितीतरी पटींनी मोठी. काल्मेट आणि गेरँ या दोघांनी फ्रान्समध्ये गायीच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि १९२१ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिला. कॅनडातल्या मोरालेस यांनी १९७६ मध्ये तो मूत्राशयात सोडून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. आज इतक्या वर्षांनंतरही स्नायूपर्यंत न पोचलेल्या पण परत उलटण्याचा धोका जास्त असलेल्या गाठींसाठी हाच पहिला इलाज आहे.

मामांचा पुढचा प्रश्न खरा अवघड होता. "टीबीच्या जंतूला कॅन्सरशी काय देणंघेणं?"

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. दोन तास हाताशी होते आणि ऐकणारा माणूस जागा होता. त्यांना जे सांगितलं ते, आणि जे वेळेअभावी राहिलं तेही, इथे मांडते आहे.

जंतू स्वतः कॅन्सर संपवत नाही. तो अस्तराला चिकटतो, अस्तरातल्या पेशी हाकाटी करतात आणि ती हाकाटी ऐकून फौज जमते. ही हाकाटी म्हणजे छोटी छोटी प्रथिनं, सायटोकाइन. बीसीजी सोडल्यानंतर काही तासांनी पेशंटची लघवी तपासली तर ती त्यात मोजता येतात: इंटरल्युकिन-२, इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात ना, "सांगावा धाडला"? सायटोकाइन म्हणजे सांगावा. एक पेशी पाठवते, दुसरीच्या अंगावरच्या रिसेप्टरवर (सांगावा झेलणाऱ्या जागेवर) तो बसतो आणि ती दुसरी पेशी कामाला लागते.

मग साहजिक विचार येतो की जंतू कशाला, सांगावाच बाटलीत भरून शिरेतून देऊ. हे करून झालं आहे, आणि त्याची गोष्ट प्रत्येकानं ऐकावी अशी आहे.

इंटरल्युकिन-२ चा शोध १९७६ चा. टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या फौजेतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, वाढवणारं द्रव्य म्हणून ते हाती लागलं. १९८३ मध्ये जपानच्या तानिगुची यांनी त्याचं जनुक वेगळं केलं आणि मग ते जिवाणूंकडून हवं तितकं बनवून घेता येऊ लागलं. १९९२ मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी आणि १९९८ मध्ये मेलानोमासाठी (त्वचेचा एक कॅन्सर) अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. साधारण शंभरातल्या पंधराजणांच्या गाठी आक्रसल्या. त्यातल्या मोजक्यांच्या पार नाहीशा झाल्या आणि वर्षानुवर्षं परत आल्या नाहीत. पसरलेल्या कॅन्सरमध्ये असं तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं.

पण मात्रा बघा. दर किलो वजनामागे सहा लाख युनिट, दर आठ तासांनी, एका फेरीत जास्तीत जास्त चौदा वेळा. साठ किलोच्या माणसाला एका वेळी तीन कोटी साठ लाख युनिट. केशवाहिन्या पाझरायला लागायच्या, रक्तातलं पाणी बाहेर पडून फुप्फुसात, पायात साचायचं, रक्तदाब कोसळायचा. औषध द्यायचं ते आयसीयूच्या तयारीनंच.

एवढं का द्यावं लागायचं? इथे प्रथिनाच्या घडणीत शिरावं लागतं. या सांगाव्याच्या रिसेप्टरला तीन कड्या आहेत, अल्फा, बीटा आणि गॅमा. ज्या पेशी लढणाऱ्यांना आवरून धरतात, त्या नियामक टी-पेशींच्या अंगावर तिन्ही कड्या असतात आणि अल्फा तर भरपूर. त्यामुळे थोडं जरी इंटरल्युकिन-२ आलं तरी आधी त्याच उचलतात. लढणाऱ्या पेशी विश्रांतीत असताना त्यांच्याकडे बीटा आणि गॅमा एवढ्याच असतात. त्यांच्यापर्यंत काही उरावं म्हणून ओतावं लागतं पाटानं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही अल्फा कडी असते, हे २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. पाझराचं एक कारण तिथेच आहे. सांगावा चुकीचा नव्हता, तो सगळ्या गावाला दिला जात होता.

इंटरल्युकिन-१२ ची गोष्ट तर याहून वाईट. ते लढाऊ पेशींना फार जोरात उठवतं. १९९५ च्या सुमारास माणसांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १७ जणांना ते दिलं. त्यातल्या १२ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, दोघं दगावले. मात्रा तर पहिल्या टप्प्यात चाललेलीच होती! शोध घेतल्यावर कळलं की पहिल्या टप्प्यात मुख्य इंजेक्शनांच्या दोन आठवडे आधी एक चाचणीचं इंजेक्शन दिलं जात होतं, आणि दुसऱ्या टप्प्यात तेवढंच गाळलं होतं. त्या एका आगाऊ इंजेक्शनानं शरीर सावध होऊन पुढचा इंटरफेरॉन गॅमाचा लोंढा आवरत होतं. हे मी दर वर्षी वर्गात सांगते. वेळापत्रकातली एक ओळ खोडली की काय होतं, ते मुलांना कळलं पाहिजे.

आता जगभरात जे चाललंय ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. सांगावा तोच ठेवायचा, पण त्याचा पत्ता बदलायचा. प्रथिनातली एखाददोन अमिनो आम्लं बदलून अल्फा कडीवरची पकड सोडवायची. किंवा त्याच्या तोंडावर झाकण बसवायचं आणि ते अशा साखळीनं बांधायचं जी गाठीतल्या प्रोटीएजच्या, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराच्या, कात्रीनंच तुटेल. किंवा सरळ गाठीत टोचायचं आणि त्याला अशी शेपटी लावायची जी तिथल्या कोलॅजनला (पेशींमधल्या चिवट तंतूंना) धरून बसेल, रक्तात निसटणार नाही.

कुणी या क्षेत्रात असाल, घरात कुणाला हे उपचार झाले असतील, तर लिहा. मामा आता रोज विचारणार, "आलं का कुणाचं उत्तर?"

---

बागवाला_सावळज · रविवार, रात्री १०.२५

ताई, मामांना नमस्कार सांगा. मला जीवशास्त्र कळत नाही, पण तुम्ही लिहिलेलं वाचताना सारखी आमची डिपिंग आठवत होती. द्राक्षाला देतो ते जीए (जिबरेलिक आम्ल) हाही झाडाचा सांगावाच की. मणी लांब कर, फुगव, असं सांगणारा. तो सगळ्या वेलीवर फवारला तर पानं, काड्या, सगळंच ऐकतं आणि पुढच्या सालची घडनिर्मिती मार खाते. म्हणून आम्ही हातात द्रावणाचा मग (भांडं) घेऊन एकेक घड त्यात बुडवतो. मजुरी जाते, कंबर मोडते, पण जिथं पाहिजे तिथंच लागतं. पीपीएम (द्रावणाची तीव्रता) चुकला की देठ जाड होतो, दिवस चुकला की मणी एकसारखे होत नाहीत. म्हणजे औषध कोणतं हे झालंच, पण कुठं, किती आणि कवा हेही तितकंच. मामांना एवढं सांगितलं तरी सगळं उमजेल.

---

वाचतेय · रविवार, रात्री ११.०२

फार उपयोगी धागा. एक विचारते. माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. इथल्या एका दुकानदारानं "प्रतिकारशक्ती वाढवणारं" म्हणून एक पावडर दिली, महिन्याला चार हजारांची. शेजारच्या काकूही म्हणतात की कॅन्सर म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली, ती वाढव. द्यावी का?

---

कृष्णाकाठची · रविवार, रात्री ११.३०

@वाचतेय, उद्याच डॉक्टरांना ती पावडर डब्यासकट दाखवा आणि तोवर देऊ नका. केमोची बरीच औषधं यकृतातून जातात. डब्यात काय आहे ते माहीत नसताना वर आणखी काही देणं आईच्या जिवाला धोक्याचं आहे.

आणि काकूंना हे सांगा. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी नसते, की पातळी वाढली म्हणजे बरं. तिच्यात लढणारे असतात, आवरणारे असतात, आठवण ठेवणारे असतात. वर लिहिलेल्या इंटरल्युकिन-२ नं खरोखर "प्रतिकारशक्ती वाढवली" होती, आणि माणसं आयसीयूत गेली. त्या चार हजारांत आईला अंडी, डाळी, दूध, फळं घाला. पथ्यात काही अडचण असेल तर तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारा.

---

रात्रपाळी · सोमवार, पहाटे ४.१५

मी साताऱ्याची, मुंबईत कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर आहे. आमच्याकडे सीएआर-टी चे पेशंट असतात. इथे सांगावा बाटलीतून येत नाही. पेशंटच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देतात आणि त्या पेशीच आत जाऊन सांगावे धाडतात. एकदा आत गेल्या की त्यांचा आवाज बारीक करायचं बटण आमच्या हातात नसतं. ताप १०३ च्या पुढे, दाब खाली. याला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात.

ताई, तुम्ही घडणीचं लिहिलंत, मी खाटेजवळचं लिहिते. या पेशंटच्या मेंदूवर परिणाम होतोय का, हे ओळखायला आम्ही दर पाळीला काही गोष्टी विचारतो. आज कोणता महिना, हे कोणतं शहर, शंभरपासून दहा-दहा कमी करत मोजा. आणि एक वाक्य लिहून घेतो. कोरेगावकडचे एक काका होते, निवृत्त शिक्षक. रोज तेच वाक्य लिहायचे: "कासला आता फुलं आली असतील." अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं, शिरोरेषा पट्टीनं ओढल्यासारखी. पाचव्या रात्री दोन वाजता कागद पुढे केला. शिरोरेषा तिसऱ्या शब्दानंतर खाली घसरत गेली आणि "फुलं" दोनदा आलं. ताप नव्हता, बोलणं ठीक होतं, बायकोलाही काही वेगळं वाटत नव्हतं. मी डॉक्टरांना उठवलं. स्टिरॉइड सुरू झालं. नवव्या दिवशी रेघ परत सरळ झाली. ते सगळे कागद काकूंनी मागून नेले.

म्हणून सुरक्षित प्रथिन बनवायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्याला माझा हात जोडून नमस्कार. ते नुसतं संशोधन नाही, आमची रात्र आहे ती.

---

कासपठार · सोमवार, सकाळी ८.५०

@रात्रपाळी, वाचून गलबलून आलं. काका आता कसे आहेत?

---

रात्रपाळी · सोमवार, सकाळी ९.०५

घरी आहेत. तपासणीला येतात तेव्हा वॉर्डात डोकावतात.

---

अणुरेणू (कराड, सध्या पुणे) · सोमवार, दुपारी १.२०

प्रथिनांच्या रचनेवर काम करतो, म्हणून थोडं लांबलचक.

आधी सिस्टरांच्या मुद्द्याला जोडून. सायटोकाइनच्या वादळातला एक मोठा सांगावा म्हणजे इंटरल्युकिन-६. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला सीएआर-टी दिल्यावर ती मरणाच्या दारात गेली होती. रक्तात इंटरल्युकिन-६ प्रचंड वाढलेलं दिसलं. या उपचाराचे एक जनक कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे त्यांना टोसिलिझुमॅब हे औषध माहीत होतं. ते इंटरल्युकिन-६ च्या रिसेप्टरवरच ठाण मांडतं, म्हणजे सांगावा आला तरी दार बंद. एमिलीला ते दिलं आणि ती वाचली. २०१७ मध्ये पहिल्या सीएआर-टी उपचाराला मान्यता देताना अमेरिकेनं याच कामासाठी टोसिलिझुमॅबलाही मान्यता दिली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

आता पत्ता बदलण्याबद्दल. ताईंनी जे लिहिलं ते बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला वाटेल की कडी ओळखली, पकड सोडवली, काम झालं. तसं झालेलं नाही. बेमपेगाल्डेसल्युकिन नावाचं औषध होतं. इंटरल्युकिन-२ ला पीईजी या पदार्थाच्या शेपट्या जोडलेल्या, जेणेकरून अल्फा कडीकडे ओढ कमी व्हावी. सुरुवातीचे आकडे बघून सगळे हरखले होते. २०२२ मध्ये मेलानोमाच्या तिसऱ्या टप्प्यात ते निव्होलुमॅबला (टी-पेशींवरचा ब्रेक काढणारं औषध) जोडून दिलं, तर एकट्या निव्होलुमॅबपेक्षा काहीच जास्त मिळालं नाही. त्याच वसंतात कार्यक्रम गुंडाळला.

दुसरं उदाहरण मला जास्त लागलं, कारण त्या प्रथिनाच्या प्रेमात पडून मी या क्षेत्रात आलो. २०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेनं निओ-२/१५ बनवलं. निसर्गातलं प्रथिन दुरुस्त केलेलं नव्हे, संगणकावर कोऱ्या पाटीवरून रचलेलं. बीटा आणि गॅमा कड्यांवर नेमकं बसतं, अल्फाला हातच लावत नाही. उंदरांत उत्तम चाललं. त्यातून आलेलं एनएल-२०१ माणसांपर्यंत पोचलं आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीनं थांबवलं. बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते प्रथिनरचनेच्याच कामासाठी, ती विद्या खरीच आहे. पण रिसेप्टरवर बसणं आणि पेशंट बरा होणं यांत मोठं अंतर आहे. अल्फा कडी टाळणं हाच योग्य रस्ता का, यावरच आता वाद आहे, कारण गाठीशी नुकत्याच भिडलेल्या लढाऊ पेशींच्या अंगावरही ती उगवते.

झाकणाच्या युक्तीबद्दलही एक सावधगिरी. ती कात्री फक्त गाठीतच असते असं नाही. भरत आलेल्या जखमेत, सुजलेल्या सांध्यातही ती असते. संधिवात असलेल्या पेशंटमध्ये झाकण गुडघ्यात उघडलं तर?

---

कृष्णाकाठची · सोमवार, रात्री ९.१५

@अणुरेणू, मनापासून आभार. हे अपयशाचे तपशील लोकांसमोर यायला हवेत. मोबाइलवर फिरतं ते "कॅन्सरवर रामबाण" एवढंच.

@बागवाला_सावळज, तुमचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. ऐकून उठूनच बसले. म्हणाले, "मग माझ्या मूत्राशयाची डिपिंगच चाललीय की!" अगदी खरं. बीसीजी तिथे चालते याचं मोठं कारण मूत्राशय ही पिशवी आहे. नळीनं औषध सोडता येतं, आत ठेवता येतं, दोन तासांनी बाहेर जातं, अंगभर फारसं पसरत नाही. आणि नेमक्या याच जागी सांगाव्याचं एक घडवलेलं प्रथिन पास झालं आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेनं ज्याला मान्यता दिली ते नोगापेंडेकिन अल्फा इनबाकिसेप्ट. नाव तोंडात बसायला मला दोन दिवस लागले.

ते मुळात इंटरल्युकिन-१५. इंटरल्युकिन-२ चा भाऊच म्हणा, बीटा आणि गॅमा कड्या दोघांच्या एकच. पण हा नियामक पेशींना तसा चढवत नाही. यात ७२ व्या जागेवरचं ॲस्पॅराजिन काढून तिथे ॲस्पार्टिक आम्ल ठेवलंय, एवढ्या एका बदलानं बीटा कडीवरची पकड वाढते. शिवाय शरीरात इंटरल्युकिन-१५ एकटं हिंडत नाही, दुसरी पेशी त्याला हातात धरून पुढे करते. म्हणून ज्या हातात ते धरलं जातं त्याचा तुकडाही सोबत जोडला आणि टिकावं म्हणून प्रतिपिंडाची शेपटी लावली. बीसीजीला दाद न देणाऱ्या पेशंटमध्ये ते बीसीजीबरोबरच मूत्राशयात सोडतात. ज्या चाचणीवर मान्यता मिळाली तिच्यातल्या ७७ पैकी ६२ टक्के पेशंटमध्ये कॅन्सर दिसेनासा झाला. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायचा.

पण बागवाले दादा, तुमच्या उपमेची एक मर्यादा मामांनीच काढली. "घड डोळ्याला दिसतो म्हणून बुडवता येतो. फुप्फुसात, यकृतात बारीक मणी विखुरले असतील तर द्रावणाचा मग कुठं नेणार?" तिथे शिरेतूनच द्यावं लागतं आणि तिथेच सगळा पेच आहे. झाकणं, शेपट्या, बदललेल्या कड्या, ही सगळी खटपट त्या न दिसणाऱ्या घडांसाठी.

---

वाचतेय · सोमवार, रात्री १०.१०

पावडर डॉक्टरांना दाखवली. बंद करायला सांगितली. दुकानदारानं पैसे परत दिले नाहीत, पण जाऊ दे. आहारतज्ज्ञांची वेळ गुरुवारी मिळाली आहे.

---

मिरजजंक्शन · मंगळवार, सकाळी ७.३०

माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी हेच झालं, बीसीजीच. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण आम्हाला ती तिसऱ्या खेपेला कळली. औषध सोडल्यानंतर सहा तास घरचा संडास वापरला की त्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. जिवंत जंतू असतो तो. लघवी बसून करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. घरात लहान मूल किंवा कुणी अशक्त असेल तर जास्तच जपायचं. आणि दोन दिवसांनंतरही ताप उतरला नाही किंवा थंडी वाजून चढला तर घरी बसू नका, लगेच दाखवा.

दुसरं, औषध वेळेवर मिळण्याचं. आमच्या एका खेपेला शहरात बाटलीच नव्हती, पुण्याहून मागवावी लागली. पुढच्या तारखेच्या आठ दिवस आधी दुकानात सांगून ठेवा. नवीन प्रथिनाचं जरूर वाचावं, पण आधी ही जुनी बाटली वेळेवर हाताशी असू दे.

---

कृष्णाकाठची · मंगळवार, रात्री ८.४५

@मिरजजंक्शन, ब्लीचचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. घरात माझी दीड वर्षाची भाची असते. आज दुपारीच बाटली आणली. औषधवाल्यांनाही फोन केला, पाचव्या खेपेची बाटली शुक्रवारी येते म्हणाले.

चौथी खेप आज झाली. रात्री थोडी कणकण आहे, जळजळ आहे, पण जेवले. डॉक्टरांनी सहा खेपा झाल्या की काही आठवडे थांबून परत दुर्बीण घालून बघू म्हणून सांगितलंय. मामांनी खताच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न स्वतः लिहून काढलेत. पहिला, "बीसीजीला दाद दिली नाही तर पुढं काय काय करता येतं?" दुसरा, "ते पंधरा नंबरचं औषध आपल्याकडं मिळतं का, आणि कितीला?" तिसऱ्यावर आमची अर्धा तास चर्चा झाली आणि तो त्यांनी दोनदा खोडून लिहिला: "औषध बाहेर गेल्यावर सांगावा आत किती दिवस राहतो?"

@अणुरेणू, तिसऱ्याचं उत्तर तुम्ही लिहाल का?